बास म्हणणारं कुणीतरी

गुलमंडी सोडून आम्ही नव्या कॉलनीत आलो. नळ तिथं पोचलेच नव्हते, त्यात दुष्काळ. टँकर आला की आई पाइपापाशी उभी राहायची. ड्रम भरला की "बास" ओरडायचं काम तिचंच. दुसऱ्या कुणावर तिचा भरवसा नव्हता.

मग तिच्या स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, पेशींना वाढायचा निरोप येतो आणि पुरे झालं की एक प्रथिन त्यांना थांबवतं. या गाठीत तेच बिघडलंय.

"तुम्ही बघितलं का त्याला?" आईनं संशयानं विचारलं.

परतताना रिक्षात मला तिचाच संशय आला. गाठ हाताला कधी लागली, मी विचारलं.

"टँकर सुरू झाला तवाच," ती म्हणाली. "मी दवाखान्यात बसले असते, तर पाइपापाशी बास कोण म्हणलं असतं?"