नीलम्माची बेसर

माझी थोरली काकू नीलम्मा बिदरकडची. निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं चालली होती, तेव्हा लग्न होऊन ती मुदखेडला आली. आमच्या घरात मराठी, तिची कानडी. कामापुरतं मराठी तिनं उचललं. हसरी म्हणून सासूला, तारामतीला, आवडूनही गेली.

तिसऱ्या वर्षी ते हसू गेलं. कोंबडं आरवायच्या आधीच तिचे डोळे उघडे, पण अंथरुणातून तिच्यानं उठवायचं नाही. भाकरी तव्यावर करपायची आणि ही समोर बसून नुसती बघायची. घास तोंडात फिरायचा, खाली उतरायचा नाही. पाठ दुखायची, डोकं जड. न विंचरल्यानं केसांच्या जटा झाल्या. बरं, घरात काही वाईट घडलं म्हणावं तर तसंही नाही.

"काय होऊन राहिलं ग तुला?" तारामतीनं विचारलं.

"ब्यासर, आत्याबाई."

"बेसर? नाकातली? अग, मग सरळ मागायची की! सोंग कशाला एवढं?"

हकिमाच्या पुड्या, अंगारेधुपारे झालेच होते. आता नवऱ्यानं, बसवंतकाकानं, नांदेडच्या सोनाराकडून मोत्याची बेसर करून आणली. सासूनं स्वतःच्या हातानं सुनेच्या नाकात घातली, आरसा धरला. नीलम्मानं आरशात पाहिलं आणि हळूच म्हणाली, "ब्यासर."

"हाव, तीच! आता तरी हास."

ती हसली नाही. त्यानंतर तिनं सांगणंच सोडलं.

तिचा भाऊ बसलिंगप्पा भेटायला आला, तेव्हा तारामतीनं गाऱ्हाणं घातलं, "मागितली ती बेसर दिली बाबा, तरी तुझ्या बहिणीचं तोंड उतरलेलंच."

बसलिंगप्पा बहिणीकडं बघतच राहिला. "आई, ती दागिना मागत नव्हती. जीव विटला, कशातच गोडी राहिली न्हाई, की आमच्यात म्हणतात ब्यासर. सांगून राहिली व्हती ती तुम्हाला."

मग तो बहिणीला म्हणाला, "चल माहेरी."

नीलम्मानं मान हलवली. "तिथं बी हेच असंल, अण्णा."

तारामतीला त्या दिवशी जेवण गेलं नाही. यावर औषध काय, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेल-फणी घेऊन ती सुनेच्या अंथरुणाशी बसली. एकेक जट सोडवत तिनं विचारलं, "आज किती हाय ग, तुझं ते ब्यासर?"

नीलम्मा तिच्याकडं वळली.

"लई, आत्याबाई. लई."