खोंडं बडवणारा

माझे वडील जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर, म्हणजे डॉक्टरच्या हाताखाली मलमपट्टी करणारे, होते. कोडोलीपासून पन्हाळ्याच्या वाड्यावस्त्यांपर्यंत लोक आबांना ओळखायचे ते एकाच कामासाठी. खोंडं बडवायला. नांगराला जुंपायच्या आधी तरण्या खोंडाला खच्ची करतात, त्याला आमच्याकडं बडवणं म्हणतात. चौघांनी दोर टाकून खोंड आडवं पाडायचं, पाय बांधायचे आणि आबांनी लोखंडी चिमट्यात वृषणांच्या वरची नस धरून चेंगरायची. कड्कन आवाज व्हायचा. खोंड असं हंबरायचं की मी कानात बोटं घालून भिंतीकडं तोंड करायचे. आबा हात धुऊन म्हणायचे, "झालं. आता गपगार चालतंय बघ."

घरातही त्यांचा हात तसाच चालायचा. चहा गार झाला, मार. पाहुण्यांसमोर आई मोठ्यानं हसली, मार. आईला डाव्या कानानं ऐकू येत नाही आणि तो काही जन्मापासूनचा दोष नाही. मला त्यांचा राग होता, अजून आहे. खाण तशी माती म्हणतात, त्यामुळं तो राग माझ्यातही पुरेपूर उतरलाय.

पंचाहत्तरीनंतर आबांना लघवीला त्रास व्हायला लागला. जोर लावायचा, थेंब थेंब व्हायची, पुन्हा उठायचं. "उन्हाळी लागलीया," त्यांनी स्वतःच ठरवलं. मग सब्जा, धन्याजिऱ्याचं पाणी, नारळ. उन्हाळा संपला, पावसाळा संपला, पण ह्यांची उन्हाळी काही संपेना. त्यात कंबर धरली. आई रोज लसणीचं तेल चोळायची आणि नीट चोळत नाही म्हणून शिव्या खायची. एके सकाळी मोरीत त्यांचा उजवा पाय लटपटला आणि ते खाली बसले. तेव्हा मी रिक्षा बोलावली आणि बावड्यातल्या आमच्या घरातून त्यांना जवळजवळ ओढतच शहरातल्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होता. गुदद्वारातून बोट घालून तपासावं लागेल म्हणाला आणि मला पडद्याबाहेर काढलं. मिनिटभरात काहीतरी धाडकन पडलं. आबांनी डॉक्टरच्या पोटात लाथ घातली होती. ज्या माणसानं हजारभर गाईंच्या आत कोपरापर्यंत हात घालून गाभण आहे का बघितलं, त्याला एक बोट सोसेना. मी आत जाऊन ओरडले, "गाय लाथ मारायला लागली की तुमी दोर लावत हुतासा. तुमाला काय लावू?" आबा भिंतीकडं तोंड करून कुशीवर वळले. डॉक्टरनं पोट चोळत तपासणी पुरी केली.

मग त्यानं कागदावर चित्र काढलं. मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीला वेढून एक ग्रंथी असते, धडधाकट असताना मोठ्या सुपारीएवढी. तिला प्रोस्टेट म्हणतात. वीर्यातला पातळ द्रव तिथं तयार होतो. उतारवयात बहुतेक पुरुषांची ती फुगते आणि नळी आवळली जाते. नुसतं फुगणं म्हणजे कर्करोग नसतो. पण आबांच्या ग्रंथीवर बोटाला दगडासारखा टणक भाग लागला होता. पुढं रक्ताची तपासणी झाली, सुईनं तुकडा काढला, हाडांचा स्कॅन झाला. कर्करोगच होता आणि तो कंबरेच्या मणक्यांत पोचला होता. जनावराच्या आतलं सगळं हातानं ओळखणाऱ्या माणसाला स्वतःच्या आतली ही सुपारी माहीत नव्हती.

"हा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसतो," डॉक्टर म्हणाला. "ते मुख्यतः वृषणांत तयार होतं. तिथूनच रसद तोडायची. इंजेक्शनंही असतात, पण ह्यांच्या मणक्यात दाब वाढतोय, दोन्ही पाय कधीही जातील. वृषणं काढली की लगेच फरक पडतो. मग मणक्याला किरणांचा शेक देऊ."

आबा उभे राहिले. "मला बडवतोस व्हय रं?" म्हणत त्यांनी टेबलावरचा काचेचा पेपरवेट फेकला. तो डॉक्टरच्या मागं कपाटाची काच फोडून पडला.

घरी त्यांनी पुढचे दोन दिवस कुणाचं ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा विषय काढला, तर त्यांनी भरलेला तांब्या मला मारला. भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं. आणि मी, त्यांची पोटची पोरगी, पुढं झाले आणि त्यांच्या कानाखाली वाजवली. मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

"पाय गेल्यावर तुमचं हागणं-मुतणं कोण काढणार?" मी ओरडले. "हीच न्हवं? जिला जन्मभर तुडवलंसा ती?"

आई दारात उभी होती. माझ्या चेहऱ्यावरचं रक्त बघत ती म्हणाली, "मी न्हाई काढणार."

आवाज चढवला नाही तिनं. पन्नास वर्षांत ती त्यांना पहिल्यांदा नाही म्हणाली होती. आबा कॉटवर बसले ते बसलेच. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ धोतर नेसून ते आपणहून रिक्षात जाऊन बसले.

शस्त्रक्रियेआधी मी डॉक्टरला बाजूला घेऊन विचारलं, "राग पण जाईल का हो?" तो माझ्या भुवईवरच्या टाक्यांकडं बघून म्हणाला, "थकवा येईल, अंगातून वाफा निघतील, मन हळवं होईल. पण ताई, मारायची सवय काय तिथं नसते."

पाय वाचले. रोग गेला नाही, पण सध्या दबून आहे. आबा काठी टेकत चालतात, मधेच घामानं भिजतात, कधी कारण नसताना रडतात. शिव्या बंद झाल्यात. गल्लीतले लोक म्हणतात, म्हातारा देवमाणूस झाला. मी ऐकून घेते.

परवा सकाळी आई चुलीपाशी भाकरी करत होती. आबा काठी टेकत मागून आले आणि तिच्या डोक्यावरून हात लांब केला. आईनं हातातलं उलथनं टाकलं, मान खाली घातली आणि कोपर डोक्यावर घेतलं.

आबांचा हात तसाच थांबला. "भाकरी घेत हुतो गं," ते म्हणाले.

"व्हय की," आई म्हणाली. कोपर मात्र तिनं खाली घेतलं नाही.