दुर्बिणीआधीचा उपास

रायपूर राजधानी झालं आणि आतड्यात दुर्बीण घालून घ्यायला नागपूर गाठायची गरज उरली नाही, एवढाच काय तो मला झालेला फायदा. पोट साफ करायची पावडर देताना डॉक्टर म्हणाले, "कुछ नहीं होगा. बस, खाना मत खाना."

पावडरीचं ते खारट पाणी प्यायलो आणि डॉक्टरांचं 'कुछ नहीं' सुरू झालं. उलट्या, पोटात कळा, हुडहुडी, पिंडऱ्यांत गोळे. संडासातून बाहेर येताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तसा भिंत धरून खालीच बसलो. बायकोला दया आली. जेवायचं नाही म्हणजे उपास, हे तिच्या लेखी उघडच होतं. तिने साबुदाण्याची खिचडी पुढे केली, शेंगदाणे सढळ हाताने घातलेली. माझ्यात नाही म्हणायचंही त्राण नव्हतं. खाल्ली.

सकाळी डॉक्टरांनी दुर्बीण घातली आणि लगेच काढली. "अंदर तो मूंगफली ही मूंगफली है. सब फिर से करना पड़ेगा." हातात पावडरीचं नवं पाकीट दिलं.

घरी येऊन मी बायकोवर तोंडसुख घेतलं.

"ओरडून काहून राहिले? या वेळी भगर करू का?"