पुलावरची बाज

आत्याचं वजन वस्तीला ठाऊक होतं, आरोग्य खात्याच्या साहेबांना नव्हतं. नाहीतर खोटा रोगी म्हणून त्यांनी तिलाच निवडली नसती.

आम्ही डोंगरावरची, रानातली माणसं. खालचं शहर वसायच्या कितीतरी आधीपासूनची. मागच्या साथीत आजाऱ्यांना न्यायची गाडी नदीच्या पुलापर्यंतच यायची. पुढे रस्ता नाही, असं खात्याचं म्हणणं. आत्याचा नवरा त्या पुलावरच, बाजेवर पडल्या पडल्या, गाडीची वाट बघत गेला. आत्या सुईण. निम्मी वस्ती तिच्या हातांवर जन्मलेली, त्यामुळे तिच्यापुढे ब्र काढायची कोणाची टाप नव्हती.

यंदा नव्या साथीची कुणकुण लागली, म्हणून खात्याने रंगीत तालीम ठेवली. रोगी बाजेवरून पुलापर्यंत आणायचा, गाडीत चढवायचा, फोटो काढायचा. झाली तयारी.

चार भाचे बाज घेऊन उतार उतरले तेव्हा त्यांच्या तोंडाला फेस आला होता.

"आत्या, जरा अंग चोर की," थोरला म्हणाला.

"आजाऱ्याशी वाद घालू नये. मुकाट्याने चाल."

पुलाच्या मधोमध बाज टेकली. साहेब म्हणाले, "छान. मावशी, बसा आता गाडीत."

"मी बेशुद्ध आहे."

"अहो, तालीम संपली."

"गाडी वस्तीत आल्यावर संपेल."

"वर रस्ता नाही हो."

तेवढ्यात लाकडाने भरलेला ट्रक वरून उतरला आणि बाजेमागे भोंगा वाजवत थांबला. त्याच्यामागे दुसरा.

आत्याने एक डोळा उघडला. "हे काय झाडावरून उड्या मारत आले? आमचं लाकूड खाली येतं, तुमची गाडी वर येत नाही होय?"

"मी पोलिसांना बोलावीन."

"बोलवा. मला उचलायला माणसं कमीच पडतायत."

ट्रकांची रांग वळणापार गेली. उन्हात साहेबांचा सदरा पाठीला चिकटला. शेवटी गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, चढेल गाडी. मला आजवर कोणी विचारलंच नाही."

साहेब खाली बघत म्हणाले, "आजच्यापुरतं ने."

भाच्यांनी बाज कडेला घेतली. ट्रक गेले. आत्या स्वतःच्या पायांनी गाडीत चढली, पण तोंड वस्तीकडे करून. वर पोचल्यावर तिने दोन धोंडे आणून मागच्या चाकांना लावले.

"साथ सरेपर्यंत गाडीचा मुक्काम इथेच," ती ड्रायव्हरला म्हणाली. "हातपाय धू, जेवायला बस. आणि साहेबांना सांग, न्यायची असेल तर धोंडे काढायला स्वतः चालत या."