न ओढलेलं घर

केलुई बेटावर पाद्रे वर्षातून एकदा येतो. बोटीतून उतरतो, काही दिवस राहतो, लग्नं लावतो, मुलांच्या डोक्यावर पाणी घालतो आणि समुद्र शांत झाला की निघून जातो. या दिवसांना बेटावरचे लोक मिशन म्हणतात. उरलेलं वर्ष फिस्कलचं, म्हणजे चर्च सांभाळणाऱ्या गावकऱ्याचं. जपमाळेच्या वेळी पुढे बसायचं, मरणाऱ्याच्या उशाशी प्रार्थना म्हणायची, बाळ जगेलसं दिसत नसेल तर स्वतःच्या हाताने बाप्तिस्मा द्यायचा आणि संध्याकाळी घंटा वाजवायची. आर्सेनियो चिग्वाय हे सगळं तिशीपासून करत आला होता. आता त्याला घंटेपर्यंतची शिडी चढताना मध्ये थांबावं लागे.

या कामाचा अर्थ त्याने स्वतःपुरता लावून ठेवला होता. पाद्रे पाठवलेला असतो, फिस्कल ठेवलेला. पाठवलेले येतात नि जातात, ठेवलेला राहतो. खाऱ्या वाऱ्याने चर्चच्या लाकडी भिंती काळ्या आणि टणक झाल्या होत्या. त्याची निष्ठाही तशीच झाली होती. सफरचंदाची दारू, चिचा, दोन पेले पोटात गेली की तो म्हणे, "माझ्या हयातीत इथलं कुणी प्रार्थनेवाचून मेलं नाही." ऐकणारे मान डोलवत आणि खिडकीबाहेर बघायचं टाळत.

कारण खिडकीबाहेर खाडी होती, आणि खाडीच्या दक्षिण काठावर एक धूर. तो त्याच्या धाकट्या बहिणीच्या, एदुलियाच्या चुलीचा.

यंदाचा पाद्रे तरुण होता. पहिल्याच दिवशी त्याने पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. "मिशन म्हणजे मी तुमच्याकडे येणं, असं तुम्ही धरून चाललात," तो म्हणाला. "यंदा तुम्ही जायचं. ज्या घरी आपण पाऊल टाकत नाही, अशा एका घरी. उपदेश करायचा नाही. बसायचं, देतील ते खायचं, परत यायचं. कुणी कुठे जायचं ते आर्सेनियोकाका ठरवतील. माणसं त्यांना ठाऊक आहेत."

ओसरीवर सगळे जमले. फिस्कलने भांडणं आठवून आठवून घरं वाटली.

"नोल्बेर्तो, तू ओयार्सोकडे. आणि कुंपणाचा विषय काढायचा नाही."

"तो काढेल की!"

"मग तू ऐकायचं. रोझाल्बा, तू तुझ्या जावेकडे."

रोझाल्बा चर्चमधल्या संतमूर्तींचे कपडे धुणारी, इस्त्री करणारी. संतांवर आणि माणसांवर सारखीच ओरडणारी. "तिच्याकडे? ती मला प्यायला कडू माते देईल ती थुंकून देईल!"

"प्यायची. मिशन आहे."

हशा पिकला. तो ओसरल्यावर रोझाल्बा म्हणाली, "सगळ्यांची वाटणी झाली, फिस्कल. आणि पलीकडचं घर?"

"पलीकडे आपलं कुणी नाही."

"नाही कसं? धूर तर रोज निघतो."

"मिशनच्या दिवसांत फिस्कलने चर्च सोडायचं नसतं."

"चर्च कुठे पळून चाललंय? त्याला हलवायचं तर बैल लागतील, अहो."

बैल म्हटल्याबरोबर सगळ्यांनी माना खाली घातल्या. रोझाल्बानेही जीभ चावली.

बऱ्याच वर्षांपूर्वी आर्सेनियोच्या आईचं घर एदुलियाच्या वाट्याला आलं होतं. तिच्या नवऱ्याची, फिलिदोरची जमीन मात्र खाडीपलीकडे होती. या बेटांवर माणूस जागा बदलतो तेव्हा घरही बरोबर नेतो. घराखाली ओंडके सारायचे, बैलजोड्या जुंपायच्या, आरडाओरडा करत ते किनाऱ्यावर आणायचं, भरती आली की बोटीला बांधून पाण्यावरून न्यायचं. याला मिंगा म्हणतात, आणि मिंगाला अख्खं गाव लागतं. म्हणून घरवाला दारोदार जातो, टोपी हातात घेऊन बाकाच्या कडेवर बसतो आणि मागतो. अशा मागण्याला नाही म्हणणं म्हणजे तहानलेल्याला पाणी नाकारणं.

एदुलिया आणि फिलिदोर पहिल्यांदा आर्सेनियोकडेच आले. त्याची जोडी सगळ्यांत दांडगी. त्याने हो म्हटलं की बाकीचे आपोआप येत. स्वयंपाकघरात पाचसहा गडी बसले होते. त्याच्या वर्षभर आधी फिलिदोरने दारू सोडली होती आणि गिटार वाजवत अंगणात प्रार्थना करणाऱ्या नव्या पंथात तो बायकोसकट गेला होता.

"चिचा मिळणार नाही, दादा," फिलिदोर अवघडून म्हणाला. "आम्ही सोडलीय ना. पण मेंढी कापू. बटाट्याचे मिल्काओ पोटभर."

आर्सेनियोने गड्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "नवा देव धरलायस ना? मग त्याचेच बैल जोड."

वाक्य फार छान जमलं होतं. तेच वाईट झालं. गडी पोट धरून हसले, आणि ती दोघं पुढच्या घरी पोचण्याआधी ते वाक्य तिथे पोचलं. नाही कुणीच म्हटलं नाही. कुणाची गाय व्यायला झाली होती, कुणाच्या पाठीत उसण भरली होती. शेवटी त्या दोघांनी आईचं घर फळी फळी सोडवलं आणि अख्खा उन्हाळा छोट्या होडीतून पलीकडे वाहून नेलं. जुनं लाकूड. अर्ध्याहून जास्त तडकलं.

दुसऱ्या दिवशी, सगळे आपापल्या वाटणीच्या घरी गेल्यावर, आर्सेनियोने होडी पाण्यात ढकलली.

वल्हवणाऱ्याची पाठ जायच्या जागेकडे असते. सगळी खाडी ओलांडताना त्याला दिसत राहिलं ते त्याचंच चर्च, लहान होत जाणारं. बहिणीचं घर पाठीमागे होतं. ते किती जवळ आलं हे त्याला होडीचा तळ वाळूला घासला तेव्हाच कळलं.

दार उघडं होतं. एदुलिया चुलीपाशी बसली होती, पायांवर घोंगडी.

"कोण मेलं?" तिने विचारलं.

"कुणी नाही."

"मग फिस्कल कसा आला? मी मरतेय म्हणून सांगितलं की काय कुणी? पाय गेलेत फक्त. बस."

तो बाकाच्या कडेवर बसला. वाटेत मनाशी जुळवलेली वाक्यं आता सापडेनात. समोर आईचं घर होतं, आणि नव्हतं. स्वयंपाकघरातली निळी फळी आता छतात होती, दुसरी निळी खिडकीखाली. मध्ये परक्या लाकडाची ठिगळं. जुन्या खिळ्यांची भोकं तशीच राहिली होती.

"टोपी हातात धरून बसलायस," ती म्हणाली. "मागायला आल्यासारखा."

"बैल द्यायला हवे होते मी."

तिने मातेच्या भांड्यात पाणी ओतलं. "हो," ती म्हणाली. "द्यायला हवे होते."

ती 'जाऊ दे' म्हणेल असं त्याला वाटलं होतं. तिने भांडं पुढे केलं. तो प्याला.

"तुझा राग त्या गिटारवाल्यांवर," थोड्या वेळाने ती बोलली. "अरे, फिलिदोर पिऊन चिखलात पडायचा ना, तेव्हा तू बाजूने जायचास. घाईत. हातात जपमाळ, कुणाच्या तरी मयताला. ते लोक आले आणि त्याच्याजवळ चिखलातच बसले. गायले इतकं वाईट, एकालाही सूर नव्हता. पण बसले."

आर्सेनियो फळीतल्या भोकांकडे बघत राहिला.

"तुझी घंटा येते मला ऐकू," ती म्हणाली. "वारा बरा असला की. वाजली की म्हणायचं, दादा आहे अजून. नाहीतर कोण वाजवणार?" तिने घोंगडी सारखी केली. "फिलिदोर गेला त्या दिवशीही ऐकत बसले होते. पुरुषमाणूस गेला की वाजते ती, तीन-तीन ठोक्यांची. वाजली नाही. तुला कळलं नव्हतं का रे?"

"तुमच्याकडे जाणाऱ्या होड्या दिसल्या होत्या."

"मग?"

"तो आमच्या चर्चचा नव्हता, एदू."

"नव्हता," ती म्हणाली. "तुझ्या बहिणीचा होता."

चुलीतलं लाकूड खाली बसलं. तो म्हणाला, "एकदा ये ना पलीकडे."

"मी? मला ओढून न्यायला आता बैलच लागतील. आहेत का तुझे?"

"विकले. पुतण्याचा ट्रॅक्टर आहे."

"मग नको. ट्रॅक्टरमागे कुणी ओरडत नाही. मजा काय त्यात?"

दोघंही हसली. ते हसू फार टिकलं नाही. निघताना सवयीने त्याचा हात खिशातल्या जपमाळेकडे गेला. त्याने तो तसाच बाहेर काढला. तिने मिल्काओ फडक्यात बांधून दिला. पुन्हा ये, असं मात्र ती म्हणाली नाही.

परतीच्या वाटेवर वारा तोंडावर येत होता आणि ते घर समोर होतं. प्रत्येक वल्ह्यागणिक लहान होत जाणारं, तरी दिसणारं. इतकी वर्षं ते एवढंच लांब होतं. एवढीशी खाडी.

घरी न जाता तो थेट चर्चमध्ये गेला आणि शिडी चढला. तीन ठोके. थांबला. तीन ठोके. थांबला. पुन्हा तीन.

घराघरांची दारं उघडली. पिठाच्या हातांनी रोझाल्बा धावत आली, मागून पाद्रे, मागून नोल्बेर्तो आणि इतर.

"कोण गेलं, फिस्कल?"

दोर धरून आर्सेनियो वरूनच म्हणाला, "फिलिदोर बार्रिया."

"अहो, असं काय करता? त्याला जाऊन किती वर्षं झाली!"

"हो," तो म्हणाला. "मला उशीर झाला."

त्या दिवशी स्वयंपाकघरात हसलेल्यांपैकी जे जिवंत होते, ते खाली उभे होते. नोल्बेर्तोने टोपी काढली. मग दुसऱ्याने. रोझाल्बाने पिठाचा हात वर धरून वारा पाहिला आणि हलकेच म्हणाली, "पण वारा दक्षिणेचा आहे. तिला ऐकू जायचं नाही."

आर्सेनियोने खाडीकडे पाहिलं. पलीकडचा धूर अजून दिसत होता. तो याच बाजूला वाकलेला होता.