नाक वर करून चालणारा ट्रेलर

सगळे तिला आंघोळवाली म्हणत. आधी अकरा वर्षं ती माणसांचे केस कापायची. एका टकल्या गिऱ्हाइकाने “पुढून थोडे दाट दिसतील असे कापा” म्हटल्यावर तिने खरं काय ते सांगून टाकलं आणि सलूनच्या मालकिणीने तिला त्याच दिवशी घरी पाठवलं. तेव्हा तिने ठरवलं, यापुढे ज्यांना बोलता येत नाही अशांचेच केस धुवायचे. जुना सामान वाहायचा ट्रेलर घेतला, त्यात लांबोडका टब, पाण्याची टाकी आणि वारा फेकणारं यंत्र बसवलं आणि ती दारोदार जाऊन कुत्र्यांना आंघोळ घालू लागली. सोबतीला सासूबाई असायच्या. देहाने भरभक्कम आणि स्वभावाने त्याहून. त्या गाडीच्या मागच्या सीटवर विणकाम करत बसायच्या आणि आंघोळ झालेल्या कुत्र्याला बिस्कीट द्यायच्या.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग तिच्या बुटक्या मोटारीने मान टाकली आणि नवऱ्याने हौसेने एक उंचच उंच जीप आणली. ट्रेलर जोडला, तर त्याचं तोंड आभाळाकडे आणि बूड जमिनीकडे.

“ऐटीत दिसतोय की!” नवरा म्हणाला. तो वाचनालयात पुस्तकं लावायचा. वाकडी वस्तू त्याच्या डोळ्यांना लगेच खुपायची, पण जीप त्याने स्वतः निवडली होती, तेव्हा त्याने कानाडोळा केला.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. एका निवृत्त न्यायाधीशांचा कुत्रा होता, वासराएवढा, त्याला सगळे साहेब म्हणत. साहेबांना टबात उभं केलं, साबण चोळला, आणि साहेब हळूहळू मागे सरकू लागले. चार पाय जागच्या जागी, चेहरा गंभीर, आणि अख्खा देह घसरतोय. आंघोळवालीने मानेला मिठी मारली, तर तीही घसरली. मागचं दार धाडकन उघडलं, साहेब फेसासकट रस्त्यावर उतरले आणि समोरच्या शिंप्याच्या दुकानात शिरून आरशासमोर उभे राहिले. नुकताच शिवलेला कोट घालून बघणारं गिऱ्हाईक टेबलावर चढलं.

“काखेत घट्ट होतोय का?” शिंप्याने सवयीने विचारलं. कोणाला, ते त्यालाही कळलं नाही.

संध्याकाळी घरात खल झाला. नवरा म्हणाला, जीपमध्ये विटा भरू, तिचं बूड खाली येईल. सासूबाई म्हणाल्या, कुत्रा उलटा उभा करा, म्हणजे तो निदान तोंड पुढे करून पडेल. आंघोळवालीने कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या दिवशी गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान गाठलं.

“ट्रेलर जोडायचं ते लोखंडी द्या,” ती म्हणाली.

दुकानदार म्हातारा होता, चष्मा कपाळावर. “हिच. उंची किती?”

“पाच फूट एक.”

“तुमची नाही ताई, गाडीची.”

मग त्याने समजावलं. जीपच्या मागे चौकोनी नळी असते, तिच्यात हिच बसते, आणि हिचच्या टोकाला गोळा असतो, त्यावर ट्रेलरचं तोंड टेकतं. गोळ्याची जागा कायमची ठरलेली असेल तर गाडी बदलली की पंचाईत. खाली-वर सरकणारी घेतली तर उभ्या दांड्याला भोकं असतात. पिन काढायची, गोळा हवा तिथे न्यायचा, पिन लावायची.

तिची नजर एका चकचकीत, मांडीएवढ्या जाड हिचवर गेली. “ही द्या.”

“हत्ती धुता का?”

“कुत्रे.”

“मग राहू द्या. तुमची जीपच तेवढं ओढणार नाही. नळीचं माप, गोळ्याचं माप आणि ट्रेलरचं तोंड किती वजन टाकतं, एवढं आणा. ट्रेलर सपाट उभा करून तोंडाची उंची मोजा, जीपच्या नळीची मोजा. फरक येईल तेवढा गोळा खाली हवा. आणि रोज जसं सामान भरता, तसं भरूनच मोजा.”

रविवारी अंगणात मोजमाप झालं. टाकी काठोकाठ भरली. टबात गोटी ठेवली. ती कुठेही न पळता थांबली तेव्हा ट्रेलर सपाट झाल्याचं मान्य झालं. तोंडाखाली सासूबाईंचा वजनकाटा ठेवला. काट्याने आकडा दाखवल्यावर सासूबाई जीपच्या मागच्या खिडकीतून वाकून म्हणाल्या, “माझ्यापेक्षा कमी आहे. उगीच त्याचं कौतुक.” नवऱ्याने मापं इतक्या सुंदर अक्षरात लिहिली की दुकानदाराने तो कागद काचेखाली ठेवून घेतला. फरक निघाला सहा इंच. हिच आली, ट्रेलर जमिनीला समांतर चालू लागला आणि दोन आठवडे एकही कुत्रा घसरला नाही.

मग सासूबाईंना सर्दी झाली. त्या घरी राहिल्या, आणि ट्रेलरने पुन्हा नाक वर केलं. फार नाही, इंचभर. आंघोळवालीने टायर पाहिले, पिन पाहिली, टाकी पाहिली. डोकं चालेना. शेवटी ती मटकन मागच्या सीटवर बसली आणि तिला लख्ख आठवलं, मापं घेताना सासूबाई याच सीटवर विणत होत्या. लोकरीचा गुंता झालाय म्हणून त्या खाली उतरल्याच नव्हत्या.

तिने पिन काढली, गोळा एक भोक खाली घेतला. ट्रेलर सरळ.

हे घरी सांगावं कसं? दोन दिवस तिने पोटात ठेवलं. नवऱ्याला सांगितलं तर तो हसता हसता जमिनीवर बसला, आणि सासूबाईंनी दारातून सगळं ऐकलं.

“म्हणजे मी एक भोक आहे?”

“आई, तसं नाही हो...”

“एक पूर्ण भोक? अर्धं नाही?”

“पूर्ण,” आंघोळवालीने जीव मुठीत धरून सांगितलं.

सासूबाई विचारात पडल्या. मग त्यांचा चेहरा खुलला. “बघ रे,” त्या मुलाला म्हणाल्या, “तू बसलास तर गाडी हलते तरी का?”

त्याला बसवून पाहिलं. गाडी ढिम्म.

त्या दिवसापासून सासूबाईंनी वरच्या भोकाभोवती लाल रंग लावून ते आपलं करून टाकलं. सकाळी निघताना त्या अंगणातून हाक मारतात, “सूनबाई, आज मी येतेय गं, वर घे!” शेजारीपाजारी चमकून बघतात. आंघोळवाली वाकते, पिन बदलते, हात पुसते आणि पहिल्या कुत्र्याकडे निघते.