लालबाग ते गिरगाव, पडद्याच्या मागून

लोक लडाखला जाऊन येतात आणि वर्षभर सांगत बसतात. मी लालबागहून गिरगावला जाऊन आलो. अंतर टॅक्सीने अर्ध्या तासाचं. पण माझं डावं-उजवं अजून जागेवर आलेलं नाही.

सोबत सुमनताई होती, आमच्या जुन्या चाळीतली शेजारीण. मी दादरला राहायला गेलो, ती लालबागलाच राहिली. चाळीच्या जागी टॉवर आला आणि गेली सहा वर्षं ताई व्हीलचेअरवर आहे. गिरगावातल्या एका छोट्या चित्रपट महोत्सवात एक जुना, हरवलेला आणि आता धुऊनपुसून काढलेला कृष्णधवल चित्रपट लागणार होता. त्यात ताईचे वडील, तात्या, दहा सेकंद दिसतात. गिरणीच्या फाटकातून बाहेर येतात आणि निघून जातात. चित्रपट त्या काळी एकच आठवडा चालला, आणि नेमका तेव्हा ताईला गोवर आला होता. तात्याही लवकरच गेले. घरात त्यांचा एकच फोटो, स्टुडिओत ताठ बसलेला.

"चालताना कसे दिसायचे तेच आठवत नाही रे, विनू," ताई म्हणाली.

"काळजी सोड. सभागृहाची पाहणी मीच केलीय," मी म्हणालो. मी त्या महोत्सवाचा स्वयंसेवक. 'दिव्यांग प्रेक्षकांसाठी सोयी' या फॉर्मवर 'रॅम्प आहे का?' असा प्रश्न होता, आणि त्यापुढे मी स्वतःच्या हाताने बरोबरची खूण केली होती. हे लक्षात असू द्या.

टॅक्सीच्या डिकीत गॅसची टाकी. म्हणून खुर्ची वर कॅरिअरवर चढवली आणि मी दोरी बांधली. पहिल्याच सिग्नलला ड्रायव्हर खाली उतरून बघून आला.

"काका, गाठ कोणी मारली?"

"मी."

"तरीच," म्हणाला, आणि सगळं सोडून पुन्हा बांधलं.

हिवाळ्यातली दुपार होती. वाऱ्याने टपावरचं चाक आपसूक फिरायला लागलं आणि पुलाच्या कठड्यावर त्याची सावली आमच्याबरोबर धावू लागली. आऱ्यांची, हलकी, जणू कोणी पारदर्शक सायकलवाला सोबतीला आलाय. काचेच्या टॉवरांमध्ये गिरणीचं एक धुरांडं उभं राहिलं होतं. तिथेच ते फाटक होतं.

"बाहेर पडलं की आपलं घर डाव्या हाताला," ताई सांगत होती. "पण सिनेमावाल्यांना ऊन आडवं येत होतं, म्हणून तात्यांना उजवीकडे चालायला लावलं. मग चाळीने छळलं त्यांना. पाळीवरून आले की कोणीतरी विचारायचंच, 'तात्या, आज घरी, की शूटिंगला?'"

गिरगावात पोचल्यावर पियूष, म्हणजे ताकात घुसळलेलं केशरी श्रीखंड, प्यायचं ठरलं. दुकानाला दोन पायऱ्या. "तू जा आत, बस साहेबासारखा," ताई म्हणाली. मी पेले बाहेर आणले आणि आम्ही फुटपाथवर प्यायलो. त्यातलं निम्मं मी माझ्या शर्टाला पाजलं.

सभागृह म्हणजे जुनं नाट्यगृह. समोर अकरा पायऱ्या. महोत्सवाचे टी-शर्ट घातलेले चौघे धावत आले आणि खुर्चीला हात घालू लागले.

"थांबा. मी काय गणपती आहे, चौघांनी उचलून मंडपात न्यायला?" ताई म्हणाली. "मागे एका लग्नात उचललं होतं मला. सरळ विसर्जनच झालं."

"आपल्याला रॅम्प आहे," मी रुबाबात म्हणालो आणि खुर्ची मागच्या गल्लीत वळवली.

रॅम्प होता. नाटकाचं नेपथ्य (देखाव्याचं सामान) चढवायला बांधलेला. पाहणीच्या दिवशी मी त्यावर तीन पावलं चाललोही होतो. वरचं दार कुठे उघडतं, तेवढं बघायचं राहिलं. चहा आला होता.

दार रंगमंचावर उघडलं. आमच्यासमोर ताणलेल्या पांढऱ्या कापडाची पाठ होती. पलीकडे प्रेक्षकांची कुजबुज, आणि तिथे उतरायला पाच पायऱ्या. दोरखंडांतून एक गृहस्थ पुढे आला. दत्ताराम, इथला जुना रंगमंच कामगार, बोलण्यात मालवणी हेल.

"खंय (कुठे) चाललात?"

"सिनेमा बघायला."

"मग तुम्ही सिनेमाच्या पाठीमागे आलात."

तेवढ्यात खेळ सुरू करायला दिवे मालवले. अंधारात खुर्ची पायऱ्यांवरून उतरवायची कोणाची हिंमत होईना. ताई रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "तात्या कितव्या मिनिटाला येतात?"

"विसाव्या."

"मग गप्प बस."

कापड उजळलं. वर लोंबणाऱ्या दोऱ्या, कडेला टेकवलेलं कुठल्याशा नाटकातलं रंगवलेलं झाड, ताईचे पांढरे केस, सगळं दुधात बुडाल्यासारखं झालं. कर्णबधिर प्रेक्षकांसाठी पडद्यावर घातलेली अक्षरं उलटी होऊन मुंग्यांसारखी चालली होती. गणपतीत चाळीच्या गल्लीत असाच पडदा लागायचा. उशिरा येणाऱ्यांनी मागे बसायचं. आम्ही कायम उशिरा. आमचे सगळे नायक डावखुरे.

मग फाटक आलं. भोंगा झाला. गर्दीतून एक सडपातळ माणूस डबा घेऊन बाहेर पडला, क्षणभर थबकला आणि डावीकडे वळला.

"घरी चालले," ताई हळूच म्हणाली. तिचा हात कापडाजवळ गेला होता, बोटांवर प्रकाश. "मान कलती ठेवून चालायचे. विसरले होते मी."

मी झाडाच्या आडोशाला जाऊन नाक शिंकरलं. इतक्या जोरात, की पलीकडून कोणीतरी "शूऽऽ" केलं.

खेळ संपला. पलीकडे टाळ्या वाजल्या. दत्तारामने त्या पाच पायऱ्यांकडे बोट दाखवलं. "नाटकात डोंगर लावतो आम्ही. त्याचा लाकडी उतार गोदामात पडलाय. ह्या पायऱ्यांवर बरोबर बसतो. पण माका कोणी इचारल्यान?"

मी विचारलं नव्हतं. त्यालाही नाही आणि ताईलाही नाही. फॉर्म भरण्याची घाई होती.

परतताना ड्रायव्हरला मुद्दाम चौपाटीवरून घ्यायला सांगितलं. समुद्र तांबूस झाला होता आणि टपावरचं चाक पुन्हा फिरत होतं. मला वाटलं, आपलं पाप धुतलं गेलं.

"मागून बघितलं तेच बरं झालं, नाही का? तात्या घरी तरी आले," मी म्हणालो.

"ते तुला बरं झालं," ताई म्हणाली. "टाळ्या वाजत होत्या तेव्हा मी कुठे होते? दोऱ्यांत. परवा पुन्हा खेळ आहे ना?"

"आहे."

"मग तो उतार लाव. लोकांत बसून, पुढून बघणार मी. तात्या उजवीकडे गेले तरी चालतील." थोडं थांबून म्हणाली, "आणि आधी तू बस खुर्चीत आणि उतरून दाखव."

ताईला घरी सोडून मी दादरला आलो आणि फॉर्मची प्रत काढली. प्रवासाने माणूस शहाणा होतो म्हणतात. मी निदान पेन उचललं. रॅम्पपुढची खूण खोडली आणि खाली लिहिलं: 'पाहणी पुन्हा करावी. पाहणी करणार: सुमनताई. खुर्चीत बसणार: मी.'